शंका आली की परत डब्यात

पगारे काकांच्या घराची बेल वाजवली की दार कधीच लगेच उघडत नसे. आधी वरून, गच्चीच्या बाजूनं, आवाज यायचा, "ऐकू आलं!" मग बराच वेळ काहीच नाही. नवखा माणूस पुन्हा बेल दाबायचा. पुन्हा वरून, "ऐकू आलं म्हटलं ना!" शेवटी काका हात पुसत जिना उतरायचे आणि दार उघडून शांतपणे म्हणायचे, "अर्धवट सोडून येता येत नाही. सगळं परत डब्यात ओतून आलो. बसा."

काका काय ओतून आले हे पाहुण्याला कळायचं नाही, आणि ते पुन्हा सांगायचेही नाहीत. गच्चीवरच्या छोट्या खोलीत ते रायफलीची काडतुसं भरायचे. सरकारी परवान्यानं, स्वतःच्या नेमबाजीसाठी. भरताना कुणी बेल वाजवली, हाक मारली, कुकरची शिट्टी झाली नि त्यांचं लक्ष उडालं, तर त्या फेरीत मोजलेली सगळी पावडर ते पुन्हा मूळ डब्यात ओतत आणि पहिल्यापासून सुरुवात करत. "कुठवर आलो होतो ते आठवतंय, असं वाटणं म्हणजेच ते आठवत नाही," असं ते म्हणायचे. आता ते आणि काकू नाशिकला लेकीकडे राहतात. अंबरनाथ पूर्वेच्या त्या घराचं दार आता दुसरंच कुणी उघडतं आणि लगेच उघडतं. त्यामुळे काका कसे होते हे लिहून ठेवावं असं वाटलं. मला लिहिण्याची सवय नाही, तेव्हा जसं आठवेल तसं लिहिते.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन. मी राहते उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये. पप्पा जीन्सच्या कारखान्यात कटिंग करतात, आई घरी बसून शिवलेल्या पँटींचे धागे कापते. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. कॉलेजात एनसीसीत गेले आणि तिथं रायफल हातात आली. मला ती जमते हे कळल्यावर माझ्यापेक्षा आमच्या गल्लीलाच जास्त आश्चर्य वाटलं. पण सरावाला काडतुसं कमी मिळायची. मी मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. त्यात परदेशातला एक माणूस घरच्या टेबलावर रिकामी काडतुसं पुन्हा भरत होता. मला वाटलं, एवढंच तर आहे. रेंजवर पडलेल्या रिकाम्या पुंगळ्या मी पिशवीत गोळा केल्या. काडतुसाचं जे पितळी नळकांडं गोळी उडाल्यावर मागं राहतं, ती पुंगळी. आमच्या नेमबाजी क्लबच्या सरांनी काकांचा पत्ता दिला आणि म्हणाले, "तुला जे करायचंय ते आधी त्यांना सांग. मग कर."

काकांनी वर्तमानपत्र पसरून पिशवी त्यावर उपडी केली. एक पुंगळी उचलून तिचा मागचा भाग मला दाखवला.

"ही छोट्या रायफलीची. पॉइंट टू टू. ही परत भरता येत नाही."

"का?"

"हिच्यात ठिणगीचा मसाला मागच्या कडेतच भरलेला असतो. एकदा कड चेपली, की हिचं आयुष्य संपलं. मोठ्या रायफलीच्या पुंगळीला मागं मधोमध छोटी टोपी असते. ती काढून नवी बसवता येते."

"म्हणजे ह्या सगळ्या वाया?"

"माळ कर. छान दिसेल."

काकू आतून चहा घेऊन येत होत्या, त्या हसल्या. मीही हसले, पण माझे कान गरम झाले होते. मग काकांनी विचारलं, "आणि भरणार कुठं होतीस?"

"घरी."

"घरी म्हणजे नक्की कुठं?"

"किचनच्या ओट्यावर. आई बाहेर गेली की."

"ओट्यावर शेगडी आहे?"

"आहे."

"परवाना आहे?"

"त्याला परवाना लागतो?"

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही. त्यांचा आवाज चढलेला मी कधीच ऐकला नाही. ते म्हणाले, "हे बघ बाळा, सुरुवात कशी करायची ते सांगतो. पहिला धडा, घरी जायचं आणि काही करायचं नाही. परवान्याशिवाय करणं हा गुन्हा आहे. परवाना असून शेगडीशेजारी करणं हा मूर्खपणा आहे. आणि व्हिडिओ बघून करणं म्हणजे या दोन्हींची बेरीज. शिकायचंच असेल तर रविवारी ये. नुसतं बघायला."

रविवारी मी गेले. गच्चीवरच्या खोलीच्या दाराशी, कमरेएवढ्या उंचीवर, भिंतीत एक पितळी पट्टी ठोकलेली होती. हात लागून लागून ती मधोमध चकाकत होती. आत जाण्याआधी प्रत्येकानं तिला तळहात लावायचा. काकांची सगळी नोकरी दारूगोळ्याच्या कारखान्यात काडतुसांच्या पुंगळ्या तपासण्यात गेली होती, आणि तिथली ही पद्धत त्यांनी घरी आणली होती. अंगात साठलेली वीज त्या पट्टीतून जमिनीत उतरते, म्हणजे पावडरीजवळ ठिणगी पडायची भीती राहत नाही. पण ही गोष्ट सगळ्यांना माहीत नव्हती. खालच्या मजल्यावर सिंधी शेजारी मनोहरशेठ राहायचे. त्यांचं कॅम्प तीनमध्ये कापडाचं दुकान. ते वर आले की पट्टीला हात लावत आणि तोच हात कपाळाला नेत. काका म्हणायचे, "अहो शेठ, देव नाही तो. अर्थिंग आहे."

"साईं, रक्षा तो वो भी करता है ना," मनोहरशेठ म्हणायचे. "फिर क्या फरक पडता है?"

काकांच्या घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो सोडला तर हात जोडावे असं काही नव्हतं. त्यामुळे दाराशी चाललेली ही पूजा त्यांना सहन व्हायची नाही. पण मनोहरशेठ गेल्यावर ते हसून म्हणायचे, "जाऊ दे. हात तर लावतो."

त्या पहिल्या रविवारी मी पट्टीला हात लावला तरी काकांनी मला आत घेतलं नाही. त्यांनी माझ्या ओढणीकडे बोट दाखवलं. "कसली आहे?"

"जॉर्जेट."

"खाली."

काकूंनी मला त्यांची जुनी सुती ओढणी दिली. नंतर ती जिन्यातल्या खिळ्यावर माझ्यासाठीच टांगलेली असायची. मोबाइलही खालीच ठेवायचा. आत गेल्यावर आधी डोळ्यांना गॉगल, मग स्टुलावर बसायचं, आणि काका काम करत असले की बोलायचं नाही. मला गप्प बसायला सांगावं लागत नाही. कॉलेजातही मी उत्तर येत असलं तरी हात वर करत नाही. काकांना ते आवडलं असावं. "चांगली आहेस," ते म्हणाले. "इथं बडबड्या माणसाचं काम नाही."

कित्येक महिने मी पावडरीला हातही लावला नाही. माझ्याकडे फक्त मोठ्या रायफलीच्या रिकाम्या पुंगळ्यांचं काम होतं. त्या आपण आपल्या क्लबमधून आणायच्या, कुणाच्या कुठं पडलेल्या उचलायच्या नाहीत, हा नियम. आधी पुसायच्या. मग उजेडात धरून फिरवायच्या आणि तोंडाशी चीर आहे का ते बघायचं. मग टोकाला वाकवलेली एक बारीक तार आत घालून बुडाजवळ हळूच ओढायची. पितळ आतून पातळ झालेलं असेल तर तिथं खाच पडते, आणि ती बाहेरून दिसत नाही, पण तार अडखळते. पहिल्यांदा माझी तार अडखळली तेव्हा मी पुन्हा पुन्हा तिथंच ओढून बघत राहिले.

"काय झालं?"

"इथं काहीतरी लागतंय. की मलाच वाटतंय?"

काकांनी बघितलं. पक्कड घेऊन ती पुंगळी चेपून सपाट केली, म्हणजे चुकूनही कुणी वापरणार नाही. "ही थकली," ते म्हणाले. "थकलेल्याला ओझं द्यायचं नाही."

टेबलावर त्यांचा नियम असा, की पावडरीचा एका वेळी एकच डबा. बाकीचे कपाटात कुलपात. दोन डबे शेजारी असले की एक दिवस चुकीच्या डब्यात हात जातोच. कुठल्या गोळीला कुठली पावडर आणि किती, हे पावडर बनवणाऱ्यांच्या छापील पुस्तकात असतं. काका प्रत्येक वेळी पुस्तक उघडायचे. त्यांना ते पाठ असणार, म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पाठ आहे म्हणूनच उघडतो." पुस्तकात खालचा आकडा असतो आणि वरचा असतो. सुरुवात खालच्यापासून. "वरचा आकडा म्हणजे गाठायचा मुक्काम नाही," ते म्हणायचे. "ते कुंपण आहे. कुंपणाला टेकून कुणी संसार मांडत नाही."

मनोहरशेठना हे सगळं अती वाटायचं. एकदा ते दारातूनच म्हणाले, "पगारेजी, थोडा कम-जादा हो गया तो क्या? मैं भी कपडा नापता हूँ. दो इंच इधर-उधर चलता है."

"शेठ, तुमच्याकडे दोन इंच जादा गेलं तर गिऱ्हाईक खूश होतं," काका म्हणाले. "इथं जादा गेलं तर गिऱ्हाईकाला डोळा राहत नाही."

आमच्या आईला मात्र वेगळीच काळजी होती. "लोक विचारतात, पोरगी रविवारी जाते कुठं. मी काय सांगू, दारू भरायला जाते?" शेवटी ती स्वतःच माझ्याबरोबर आली. काकूंनी तिला थालीपीठ खाऊ घातलं. दोघी स्वयंपाकघरात बसून जीन्सचे धागे, गुडघेदुखी आणि मुलांची शिक्षणं यावर एवढं बोलल्या, की वर खोलीत काय चालतं ते बघायचं आई विसरूनच गेली. घरी परतताना म्हणाली, "चांगली माणसं आहेत. जात जा."

काका तरुणपणी तीनशे मीटरच्या नेमबाजीत उतरायचे. राज्याच्या निवडीपर्यंत बऱ्याचदा गेले, संघात कधी आले नाहीत. हे त्यांनी मला सांगितलं नाही, काकूंनी सांगितलं. त्या वर्षी क्लबकडून तीनशे मीटरच्या निवड चाचणीला माझं नाव गेलं. काकू जिन्यात मला थांबवून हळू आवाजात म्हणाल्या, "ते बोलणार नाहीत. पण त्यांच्या टेबलावर भरलेली काडतुसं घेऊन त्यांच्या हाताखालचं कुणीतरी त्या रेषेवर उभं राहावं, असं त्यांना फार वाटतं गं." तेव्हापासून मला झोप नीट लागेना. चाचणीच्या भीतीनं नाही. एखाद्याच्या मनातली एवढी मोठी गोष्ट आपल्या हातात आहे याची मला सवय नव्हती.

रेंजवर क्लबची रायफल आणि काकांची काडतुसं असा सराव चालला होता. काका मागं घडीच्या खुर्चीत बसायचे. गोळी कुठं लागली हे ते विचारायचे नाहीत, दुर्बिणीतून त्यांना दिसायचंच. माझी मात्र सुधारणा होत होती, आणि काका घरी जाताना एक जुनं भीमगीत गुणगुणायचे. काकू म्हणाल्या, हे कैक वर्षांनी ऐकलं.

चाचणीच्या आधीच्या रविवारी शेवटची काडतुसं भरायची होती. आमची पद्धत ठरलेली होती. पुंगळ्या लाकडी ठोकळ्याच्या भोकांत उभ्या ओळीनं लावायच्या. काका एकेकीत पावडर तोलून ओतायचे. सगळ्या भरून झाल्या, की गोळ्या बसवण्याआधी मी टॉर्च घेऊन वरून प्रत्येकीत बघायचं. सगळीकडे पावडर एकाच उंचीवर दिसली पाहिजे. हे काम काकांनी मला अलीकडेच दिलं होतं, आणि आजवर सगळीकडे सारखीच उंची दिसली होती.

त्या दिवशी खोली शांत होती. काकांनी शेवटच्या पुंगळीत पावडर ओतली, डब्याचं झाकण लावलं आणि मागं सरले. "बघ."

मी टॉर्च फिरवत गेले. मधल्या ओळीत एका पुंगळीत उजेड लवकर अडला. पावडर शेजारणींपेक्षा वर होती, तोंडाच्या बरीच जवळ. मी टॉर्च जरा तिरका केला, पुन्हा सरळ केला. वाटलं, सावली असेल. काका कधी चुकत नाहीत. मी पुढच्या पुंगळीत बघितलं आणि परत त्याच पुंगळीकडे आले. ही पुंगळी अशीच पुढं गेली, तर चाचणीत ती माझ्या गालाजवळ उडणार होती. हे मला कळत होतं. तरी तोंडातून शब्द निघत नव्हता.

"काका," मी शेवटी म्हणाले, "इथं जरा बघता का? मला नीट दिसत नाहीये बहुतेक."

त्यांनी टॉर्च घेतला. वाकले. चष्मा कपाळावर होता, तो खाली घेतला आणि पुन्हा वाकले. मग त्यांनी ती पुंगळी दोन बोटांत उचलली आणि तिच्यातली पावडर तराजूच्या ताटलीत ओतली. काटा कुठं गेला, ते आम्ही दोघांनी बघितलं. एकीत दोनदा ओतली गेली होती.

"बेल वाजली होती का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"शेठ आले होते? खालून हाक?"

"नाही काका. कुणीच नाही."

"मग मीच," काका म्हणाले.

त्यांनी सगळ्या पुंगळ्या एकामागून एक डब्यात रिकाम्या केल्या. हात नेहमीपेक्षा सावकाश चालले होते. मला वाटलं, आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतील. मी ठोकळा सरळ करून ठेवलाही. पण काकांनी डबा कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि गॉगल काढला.

"पुन्हा भरायची ना?" मी विचारलं.

"बेल वाजल्यामुळं चुकलो असतो, तर बेल काढून टाकली असती," ते म्हणाले. "नोकरीत आम्ही मशीन कारण नसताना चुकली, की पट्टा बंद करायचो. मी मशीनपेक्षा मोठा आहे का?"

"पण एकदाच झालं, काका."

"एकदा दिसलं."

चाचणीला मी क्लबच्या सरांनी कुठूनतरी मिळवलेली कारखान्यातली तयार काडतुसं घेऊन गेले. माझी निवड झाली नाही. थोडक्यात हुकली असं सर म्हणाले, पण हुकली ती हुकलीच. संध्याकाळी काकांकडे गेले तेव्हा त्यांना काय सांगायचं याची मी वाटभर जुळवाजुळव करत होते. बेल वाजवली आणि दार लगेच उघडलं. ते काकांनीच उघडलं. तेव्हा मला पहिल्यांदा खरं वाईट वाटलं.

"नळी पूर्ण वेळ कुठं होती?" त्यांनी विचारलं.

"समोर."

"बोट?"

"घोड्याच्या बाहेर. नेम धरेपर्यंत."

"मग काय झालं तोंड पाडायला? ये, पोहे खा."

त्या रविवारनंतर काकांनी टेबलाला हात लावला नव्हता. उरलेली पावडर आणि टोप्या ज्या परवानाधारक दुकानदाराकडून आणल्या होत्या, त्याच्याकडे रीतसर परत गेल्या. काडतुसं भरण्याची परवानगी रद्द करून घ्यायला आम्ही दोघं पोलीस स्टेशनला गेलो. काकू म्हणाल्या होत्या, "जा त्यांच्याबरोबर. एकटे गेले तर रस्ताभर काही बोलणार नाहीत." तिथले हवालदार काकांना ओळखत होते.

"काय काका, ही परवानगी मिळवायला किती चपला झिजवल्यात तुम्ही! आणि आता परत?"

"भरताना चूक झाली."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "कुणाला लागलं?"

"नाही."

"आग, स्फोट, काही?"

"नाही."

"मग वय झालं असं सांगा ना. चूक कशाला म्हणता? उगाच प्रश्न वाढतात."

"वय मागच्या वर्षीही झालेलंच होतं," काका म्हणाले. "चूक या वर्षी झाली."

"पण झालं तर काहीच नाही ना?"

"म्हणून तर मी आलो. काही झालं असतं, तर तुम्ही आला असता."

हवालदार मोठ्यानं हसले, आणि मग त्यांनी काकांसाठी चहा मागवला.

परत येताना आम्ही शेअर रिक्षात बसलो. मागं आम्ही दोघं आणि एक बाई, पुढं ड्रायव्हरशेजारी एक जण अर्धा बाहेर. काका हलके झाल्यासारखे दिसत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "त्या दिवशी टॉर्च धरून तू बराच वेळ गप्प होतीस."

मला वाटलं होतं, त्यांच्या ते लक्षात आलं नसेल.

"मला वाटलं, मलाच नीट दिसत नाहीये."

"दिसत होतं तुला."

"हो. पण तुम्हाला कसं सांगायचं, तेच कळेना."

काका माझ्याकडे वळले. "तुला पुंगळी बघायला शिकवलं, तार फिरवायला शिकवलं, तोंड बंद ठेवायलाही शिकवलं. दिसल्याबरोबर तोंड उघडायचं, हे मात्र राहिलं. ती माझीच चूक. समोर कोण आहे हे बघायचं नाही, बाळा. मोठा माणूस असेल, तर आधी बोलायचं. त्याला सांगणारं दुसरं कुणी नसतं."

मी मान हलवली. बाहेर बघितलं तर पाण्याच्या टाकीचा कोपरा मागं सरकत होता. आम्हाला तिथंच उतरायचं होतं. रिक्षात मोठ्यानं 'थांबवा' म्हणणं मला कधीच जमलेलं नाही. मी पुढं कुठंतरी उतरते आणि गुपचूप मागं चालत येते.

"भाऊ, थांबवा!" मी ओरडले. "आमचं मागं राहिलं!"

शेजारची बाई दचकली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला आणि मागं वळून म्हणाला, "अरे दीदी, आहिस्ता! कान फाड दोगी क्या?"

काका एवढे हसले, की चष्मा नाकावरून घसरला. त्यांनी तो सावरला, माझ्या खांद्याचा आधार घेत रिक्षातून उतरले आणि म्हणाले, "असं. एवढ्याच मोठ्यानं."